फिटच्या औषधाची लेव्हल: रक्त कधी द्यायचं आणि आकडा कसा वाचायचा

प्रश्न: धाकट्या भावाला (वय २४) फिटसाठी कार्बामाझेपिनची साधी गोळी, ४०० मिलिग्रॅम सकाळी आणि ४०० रात्री, अशी तीन वर्षांपासून चालू आहे. गेली दोन वर्षं फिट आलेली नाही. एकाच लॅबमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने औषधाची लेव्हल केली, तर आधी ९.८ आणि मग ६.१ आली. डोस तोच, गोळीही तीच. यातला खरा आकडा कोणता? रक्त द्यायला उपाशी जायचं का, सकाळची गोळी घेऊन जायचं की न घेता? आणि ही तपासणी दर किती महिन्यांनी करायची?

उत्तर:

बहुधा दोन्ही आकडे खरे आहेत. तुम्ही बरंच काही लिहिलंय, पण ज्यावर सगळं अवलंबून आहे तेच राहिलंय: दोन्ही वेळा रक्त किती वाजता काढलं, आणि त्याआधीची गोळी किती वाजता घेतली होती? यात तुमचा दोष नाही. रक्त घेतल्याची वेळ रिपोर्टच्या कोपऱ्यात कुठेतरी छापलेली असते; शेवटच्या गोळीची वेळ मात्र सहसा कोणी विचारतच नाही. आणि ती माहीत नसेल, तर लेव्हलच्या आकड्यावरून फारसं काही ठरवता येत नाही.

साधी कार्बामाझेपिन घेतल्यावर तिची रक्तातली पातळी हळूहळू चढते, साधारण चार-पाच तासांनी सर्वांत वर पोचते आणि तिथून पुढच्या गोळीपर्यंत उतरत राहते. तीन वर्षं औषध घेणाऱ्या माणसात रक्तातलं औषध निम्म्यावर यायला १२ ते १७ तास लागतात. आता समजा, पहिल्या वेळी भावाने सकाळी ८ वाजता गोळी घेतली आणि कामं उरकून दुपारी १२-१ ला रक्त दिलं. दुसऱ्या वेळी कोणीतरी 'उपाशी या' म्हणालं, म्हणून तो गोळी न घेताच सकाळी गेला. तर पहिला आकडा दिवसातला सर्वांत वरचा आणि दुसरा सर्वांत खालचा. ९.८ आणि ६.१ मधला फरक एवढ्यावरून सहज निघतो. त्याला एकदा विचारून बघा. माझा अंदाज बरोबर निघाला तर काळजीचं काही कारण नाही.

म्हणून आम्ही सहसा खालचा आकडा मागतो, म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीचा. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याला 'ट्रफ लेव्हल' म्हणतात. गोळी किती वेगाने शोषली जाईल हे त्या दिवशीच्या जेवणावर, पोटावर, गोळीच्या प्रकारावर ठरतं, त्यामुळे वरचा आकडा रोज थोडा इकडेतिकडे होतो. खालचा आकडा बऱ्यापैकी स्थिर असतो आणि पुन्हा मोजला तरी तुलना करता येते. शिवाय पुस्तकात आणि रिपोर्टवर जी 'रेंज' छापलेली असते, ती बहुतेक औषधांच्या बाबतीत गोळीआधीच्याच रक्तावर बेतलेली आहे. दुपारी काढलेलं रक्त त्या रेंजशी ताडून पाहिलं, तर औषध उगाचच जास्त झाल्यासारखं वाटतं.

प्रत्यक्षात काय करायचं? रात्रीची गोळी नेहमीच्या वेळेला घ्यायची. सकाळी गोळी सोबत घेऊन लॅबमध्ये जायचं, रक्त द्यायचं आणि तिथेच पाण्याबरोबर गोळी घेऊन टाकायची. गोळी घरी ठेवून जाऊ नका. रिपोर्ट, चहा, रहदारी यात दुपार होते आणि डोस चुकतो. लेव्हलसाठी रक्त द्यायला गेलेल्या माणसाला डोस चुकल्यामुळे फिट यावी, याहून वाईट काय! गोळीची वेळ ८ ची असेल आणि रक्त ९ ला निघालं, तरी फरक पडत नाही. पण लॅबमध्ये गर्दी आहे, नंबर ११ ला लागणार, असं दिसलं तर गोळी घेऊन टाका आणि तपासणी दुसऱ्या दिवशी करा. किंवा त्याच दिवशी रात्रीच्या गोळीआधी द्या. दिवसातून दोनदा औषध घेणाऱ्याला गोळीआधीची वेळ दोनदा मिळते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

उपाशी राहायची गरज नाही. औषधाच्या लेव्हलचा उपाशीपोटाशी संबंध नाही. त्याच रक्तात साखर किंवा चरबीचं प्रमाणही तपासायचं असेल, तर उपाशी जावं लागेल. पण तेव्हाही उपाशी म्हणजे अन्न नाही, एवढाच अर्थ. लोक 'उपाशी' ऐकून सगळीच औषधं थांबवतात आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाबतीत जे सांगितलं होतं ते फिटच्या गोळीलाही लावतात. डॉक्टरांनी लेव्हल लिहून दिली की 'गोळी आधी की नंतर?' एवढं तिथेच विचारून घ्या.

लॅबमध्ये देताना एक चिठ्ठी सोबत ठेवा. त्यावर एवढंच: 'कार्बामाझेपिन, साधी गोळी, ४०० सकाळी ८, ४०० रात्री ८. हा डोस तीन वर्षांपासून. शेवटची गोळी काल रात्री ८.१०. रक्त दिलं आज सकाळी ७.५०. इतर औषधं: नाहीत. तपासणीचं कारण: फिट नाही, नेहमीचा आकडा माहीत असावा म्हणून.' हीच चिठ्ठी रिपोर्टला टाचून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर फाइलमधल्या दहा रिपोर्टपेक्षा टाचलेल्या चिठ्ठीचा एक रिपोर्ट त्यांच्या जास्त कामाचा असतो.

आता हा 'गोळीआधी' नियम सगळ्या औषधांना सारखाच कडक लावायचा का? नाही. औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं यावर ते ठरतं. फिनोबार्बिटोन निम्म्यावर यायला मोठ्या माणसात तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसात त्याची पातळी जवळजवळ हलतच नाही. रक्त सकाळी द्या नाहीतर संध्याकाळी. याच्या दुसऱ्या टोकाला लेव्हेटिरासिटाम. ते सहा ते आठ तासांत निम्मं होतं. सकाळी गोळी घेतल्यावर तासाभरात जो आकडा ३० असेल, तो रात्रीच्या गोळीआधी १० वर आलेला असतो. त्याच माणसाचा, त्याच दिवशी. वेळ न लिहिलेली लेव्हेटिरासिटामची लेव्हल त्यामुळे वाचण्यालायक नसते.

व्हॅलप्रोएटची थोडी वेगळी गंमत आहे. आवरणाच्या गोळ्या पोटात विरघळत नाहीत, पुढे आतड्यात जाऊन विरघळतात. म्हणजे सकाळी गोळी घेतल्यावरही काही वेळ पातळी उतरतच राहते आणि मग चढू लागते. सकाळच्या गोळीआधीचा आकडा आणि रात्रीच्या गोळीआधीचा आकडाही एकसारखे नसतात. म्हणून व्हॅलप्रोएटच्या बाबतीत मी 'सर्वांत खालची वेळ' शोधत बसत नाही. दर वेळी सकाळी गोळीआधीच द्या, एवढंच सांगतो. आणि जी दीर्घकाळ झिरपणारी (औषध हळूहळू सोडणारी) गोळी दिवसातून एकदाच, रात्री घ्यायची असते, तिच्यासाठी सकाळचं रक्त म्हणजे गोळीनंतर दहा-बारा तासांचं रक्त. तो तळाचा आकडा नव्हे. खरा तळ रात्रीच्या गोळीआधी असतो. संध्याकाळी जाणं जमत नसेल तर सकाळी द्या, पण चिठ्ठीवर तसं लिहा आणि पुढच्या वेळीही त्याच वेळेला द्या.

हे झालं घड्याळाचं. कॅलेंडरचा प्रश्न त्याहून अवघड आहे: औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर किती दिवसांनी लेव्हल करायची?

नियम सोपा आहे. औषध निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण पाचपट काळ थांबायचं. तोवर पातळी ९७ टक्क्यांपर्यंत स्थिरावलेली असते. लेव्हेटिरासिटामला दोन दिवस पुरतात, व्हॅलप्रोएटला तीन-चार, एकट्या लॅमोट्रिजिनला आठवडाभर. लॅमोट्रिजिनच्या जोडीला व्हॅलप्रोएट असेल तर ते शरीरातून फार हळू बाहेर पडतं, मग दोन आठवडे धरा. फिनोबार्बिटोनला तीन-चार आठवडे. त्याआधी केलेली लेव्हल चढत्या पायरीवरची असते. ती 'कमी' दिसते, म्हणून डोस वाढवला जातो, आणि महिन्याने माणूस दिवसभर झोपलेला असतो.

पण दोन औषधं या नियमात बसत नाहीत, आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्यांचाच होतो.

पहिलं तुमच्या भावाचं, कार्बामाझेपिन. हे औषध यकृतातली स्वतःलाच मोडणारी यंत्रणा वाढवत नेतं. सुरुवातीला ते निम्म्यावर यायला २५ ते ६५ तास घेतं. तीन ते पाच आठवड्यांत हीच वेळ १२ ते १७ तासांवर येते. म्हणजे डोस तोच ठेवूनही दुसऱ्या आठवड्यातली लेव्हल चांगली दिसते आणि सहाव्या आठवड्यात तीच खाली आलेली असते. 'पहिले पंधरा दिवस गोळी लागू पडली, मग तिचा असर गेला' असं रुग्ण सांगतात, ते चुकीचं नसतं. गोळी खराब नसते आणि रुग्णाने ती चुकवलेलीही नसते. नव्याने सुरू केलेल्या कार्बामाझेपिनची लेव्हल करायचीच असेल, तर डोस ठरल्यावर महिना-दीड महिना जाऊ द्यावा. तुमच्या भावाची तीन वर्षं झाली, त्यामुळे हा मुद्दा त्याच्यापुरता मागे पडला.

दुसरं फेनिटॉइन. जुनं औषध, १९३८ सालापासून वापरात, आणि अजूनही रक्ताच्या तपासणीची खरी गरज कुणाला असेल तर यालाच. बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की पातळीही साधारण दुप्पट होते. फेनिटॉइनचं तसं नाही. ते मोडणाऱ्या यकृतातल्या यंत्रणेची एक मर्यादा आहे आणि नेहमीच्या डोसलाच ती मर्यादा जवळ येते. तिकीट खिडक्या जेवढ्या आहेत तेवढ्याच. त्या सगळ्या भरल्यावर दर मिनिटाला दोन माणसं जरी जास्त आली, तरी रांग दाराबाहेर जाते. साठ किलो वजनाचा माणूस आणि पुस्तकातले सरासरी आकडे धरून गणित मांडलं, तर दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर पातळी ८ च्या आसपास येते, ३५० वर १३, आणि ४०० वर थेट २८. फेनिटॉइनची छापील रेंज १० ते २०. म्हणजे ३०० वर 'कमी' म्हणून शंभरची एक गोळी वाढवली की माणूस रेंज ओलांडून पलीकडे जातो. पन्नासनेच वाढवायचं, कधी कधी तर त्याहूनही कमी.

वेळेचा मुद्दा इथे असा येतो, की पातळी जितकी वर, तितकं फेनिटॉइन बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. पाचपटीचा नियम इथे चालत नाही, कारण निम्म्यावर येण्याची वेळच वाढत जाते. डोस वाढवल्यावर पाचव्या दिवशी लेव्हल १४ येते, सगळे खूश होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात तोच माणूस पाय फाकवून, झोके खात चालत येतो. घरचे आधी दारूचा संशय घेतात. डोळे बाजूला फिरवायला सांगितले की बुबुळं थरथरतात. साधारण २० च्या वर ही थरथर दिसते, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या पुढे गुंगी आणि गोंधळ. फेनिटॉइनचा डोस बदलल्यावर मी एक लेव्हल आठवड्याने बघतो, ती फक्त वेग कळावा म्हणून, आणि निर्णय तीन-चार आठवड्यांनंतरच्या लेव्हलवर घेतो.

गोळीचा ब्रँड बदलल्यावरही हीच काळजी. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटॉइन घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना एकाएकी विषबाधेची लक्षणं दिसू लागली. मिलिग्रॅम तेच होते. शोध घेतल्यावर कळलं, की कॅप्सूलमध्ये भर म्हणून घालायचं कॅल्शियम सल्फेट बदलून लॅक्टोज घातलं होतं, आणि त्यामुळे औषध जास्त शोषलं जात होतं. आजच्या उत्पादनावर तेव्हापेक्षा कितीतरी कडक नियंत्रण आहे, तरी फेनिटॉइनची गोळी बदलली तर दोन-तीन आठवड्यांनी एक लेव्हल करून घेण्यात शहाणपण आहे. लेव्हेटिरासिटामची बदलली तर सहसा नाही.

काही वेळा मात्र ना ट्रफ बघायची, ना थांबायचं; रक्त ताबडतोब घ्यायचं.

फिट आल्यावर, उदाहरणार्थ. दवाखान्यात पोचल्याबरोबर, इंजेक्शन किंवा जादा डोस देण्याआधी थोडं रक्त काढून ठेवावं. एकदा औषध टोचलं, की आधी काय होतं ते कळायचा मार्ग बंद होतो. तो आकडा मग छापील रेंजशी ताडण्यात अर्थ नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी ताडायचा. एरवी ज्याची फेनिटॉइनची लेव्हल १८ असते त्याची फिटनंतर ११ आली, तर रिपोर्टवर ती 'नॉर्मल' छापून येईल, पण काहीतरी घडलं आहे हे नक्की. इथे घरच्यांना एक विनंती: लगेच 'गोळ्या चुकवल्यास ना?' म्हणून तोंडसुख घेऊ नका. चुकवल्या असतीलही. पण उलट्या-जुलाब, नवं सुरू झालेलं दुसरं औषध, बदललेला ब्रँड ही कारणंही तितकीच असतात. उलटही होतं: डॉक्टरांकडे जायचं म्हटल्यावर माणूस चार-पाच दिवस अगदी घड्याळ लावून गोळ्या घेतो आणि लेव्हल छान येते. आधीच्या महिन्याबद्दल ती काही सांगत नाही.

दुष्परिणाम दिसत असतानाही रक्त त्याच वेळी द्यायचं. कार्बामाझेपिन घेणाऱ्यांत ठरावीक तक्रार असते: गोळी घेतल्यावर काही तासांनी एकाचे दोन दिसतात, गरगरतं, आणि पुढच्या काही तासांत सगळं ठीक. अशा माणसाचं सकाळी गोळीआधी रक्त घेतलं तर आकडा स्वच्छ येणार आणि 'तुमचा भ्रम आहे' असं ऐकून त्याला परत यावं लागणार. दोन दिसत असतील तेव्हाच रक्त काढा. उपायही बहुतेक वेळा सोपा असतो: झिरपणारी गोळी द्यायची, किंवा तेवढाच डोस तीन वेळांत वाटून द्यायचा.

रुग्णालयात शिरेतून फेनिटॉइनचा मोठा डोस दिला असेल, तर तो पूर्ण झाल्यावर एक-दोन तासांनी लेव्हल घेतात. फॉस्फेनिटॉइन असेल तर दोन तास थांबतातच, कारण त्याचं फेनिटॉइनमध्ये रूपांतर पूर्ण व्हायला हवं. आणि ज्या हाताच्या सलाइनमधून औषध गेलं, त्याच हातातून रक्त नको. हे नर्सला माहीत असतं, तरी रात्री तीन वाजता एकदा आठवण करून द्यायला हरकत नाही.

दुसरी औषधं. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन फिटच्या बऱ्याच औषधांची पातळी खाली आणतं, तर त्याच उपचारातलं आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची पातळी वर नेतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स कार्बामाझेपिन वाढवतात. बुरशीवरचं फ्लुकोनाझोल फेनिटॉइन वाढवतं. यात वेळेचा हिशोब असा: जी औषधं पातळी वाढवतात ती काही दिवसांतच वाढवतात, म्हणून लेव्हल लवकर, जी खाली आणतात ती यकृताची यंत्रणा हळूहळू वाढवून आणतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी. आणि ते दुसरं औषध बंद केल्यावर सगळं उलट दिशेने घडतं, तेव्हा पुन्हा एक लेव्हल. ही शेवटची लेव्हलच बहुतेक वेळा राहून जाते. याला ठळक अपवाद मेरोपेनेमचा. हे अँटिबायोटिक इंजेक्शन व्हॅलप्रोएटची पातळी एक-दोन दिवसांतच इतकी पाडतं, की डोस वाढवूनही ती भरून निघत नाही. तिथे लेव्हल बघत न बसता फिटसाठी दुसरं औषध जोडणं किंवा अँटिबायोटिक बदलणं हाच मार्ग.

गरोदरपणात लॅमोट्रिजिनची लेव्हल निम्म्याहूनही खाली जाऊ शकते, लेव्हेटिरासिटामचीही बरीच घसरते. म्हणून मूल हवं असं ठरल्यावर, गर्भधारणेआधीच, फिट नसतानाची एक लेव्हल करून ठेवावी. पुढे दर महिन्याला तिच्याशी ताडून डोस वाढवता येतो. प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत शरीर पूर्ववत होतं आणि वाढवलेला डोस आता जास्त होतो. त्या दिवसांत जागरण, बाळ, थकवा यांत चक्कर आणि तोल जाणं कुणाच्या लक्षात येत नाही. डोस कमी करण्याचं वेळापत्रक प्रसूतीच्या आधीच कागदावर लिहून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही लॅमोट्रिजिन निम्म्यावर आणतात. त्या सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगायला हवं.

आता रेंजबद्दल, कारण भावाच्या रिपोर्टवर ९.८ आणि ६.१ दोन्ही 'नॉर्मल'च असणार. कार्बामाझेपिनची रेंज ४ ते १२, व्हॅलप्रोएटची ५० ते १००, फेनिटॉइनची १० ते २०, सगळे मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. काही लॅब मायक्रोमोलमध्ये आकडे देतात, तेव्हा फेनिटॉइनची तीच रेंज ४० ते ८० होते; एकक न बघता दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवू नका. ही रेंज म्हणजे बऱ्याच लोकांना जिथे फायदा झाला आणि त्रास झाला नाही तो पट्टा. अपस्मारावर (फिटच्या आजारावर) काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ मध्येच मार्गदर्शनात स्पष्ट केलं, की छापील रेंज वेगळी आणि एखाद्या रुग्णाला उपयोगी पडणारी त्याची स्वतःची पातळी वेगळी. ८ वर फिट थांबलेला फेनिटॉइनचा रुग्ण बरा आहे. त्याला १० वर न्यायचं काही कारण नाही. आणि २२ वर आनंदात असलेल्या माणसाची गोळी केवळ रिपोर्टवर वरचा बाण आहे म्हणून कापू नये, नीट तपासून बघावं. २००० साली इटलीतल्या एका अभ्यासात नव्या रुग्णांचे दोन गट केले होते: एकात लेव्हल बघून डोस ठरवला, दुसऱ्यात फक्त फिट आणि त्रास बघून. दोन्हींत निकाल सारखेच निघाले.

फेनिटॉइनच्या आकड्यात आणखी एक खोच आहे. या औषधाचा ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटलेला असतो आणि काम करतो तो उरलेला मोकळा भाग. लॅब दोन्ही मिळून मोजते. आजाराने अल्ब्युमिन कमी झालं असेल तर एकूण आकडा कमी दिसतो, मोकळा भाग मात्र पुरेसा असतो. अल्ब्युमिन २ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असताना आलेला ८ हा हिशोबाने १६ च्या बरोबरीचा निघतो. तिथे 'कमी आहे' म्हणून डोस वाढवला तर विषबाधा ठरलेली. म्हणून अशक्त, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णात फेनिटॉइनबरोबर अल्ब्युमिनही बघावं, आणि सोय असेल तर मोकळ्या भागाचीच लेव्हल मागावी. तिची रेंज १ ते २ असते.

नळीचंही सांगून टाकतो. रक्त वेगळं करण्यासाठी ज्या नळ्यांत जेल असतं, त्यातल्या काही जेल औषध थोडं शोषून घेतात, विशेषतः रक्त बराच वेळ त्यात राहिलं तर. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनला हे लागू होतं. आकडा कारण नसताना कमी आला तर साध्या, जेल नसलेल्या नळीत पुन्हा द्यावं.

दर किती महिन्यांनी? तुमच्या भावासारख्याला, म्हणजे फिट नाही, त्रास नाही, डोस-ब्रँड-दुसरं औषध काही बदललं नाही, ठरावीक मुदतीने लेव्हल करायची गरज नाही. दोन लेव्हल गोळीआधी नीट वेळेवर, काही आठवड्यांच्या अंतराने करून ठेवल्या की त्याचा 'स्वतःचा आकडा' हाती येतो, ६.१ खरोखर गोळीआधीचा असेल तर त्यातली एक झालीसुद्धा. त्यानंतर वर लिहिलेल्यापैकी काही घडलं तरच. लहान मुलांचं वेगळं, वजन वाढतं आणि औषध मोडण्याचा वेगही मोठ्यांपेक्षा जास्त असतो, तिथे थोडं जास्त वेळा लागतं. कार्बामाझेपिनवर असताना सोडियम, रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टर अधूनमधून सांगतील. त्या लेव्हलपेक्षा वेगळ्या, आणि त्यांना गोळीआधी-नंतर असा नियम नाही.

हे वाचल्यावर बऱ्याच घरांत पुढचा प्रश्न हमखास येतो: दोन वर्षं फिट नाही, लेव्हलही रेंजच्या खालच्या बाजूला, मग औषधाची गरज संपली का? लेव्हलवरून ते ठरत नाही. कमी पातळीवर फिट थांबलेली असणं याचा अर्थ तेवढी पातळी त्याला पुरते, एवढाच. बंद करायचं की नाही हे फिटचा प्रकार, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख), एमआरआय, आधी किती औषधांना दाद दिली नव्हती आणि तो गाडी चालवतो का किंवा उंचीवर-यंत्रावर काम करतो का, यावर ठरतं. बंद करायचं ठरलंच तर काही महिन्यांत थोडं थोडं करून. आणि त्या काळात लेव्हल करत बसायची गरज नसते.